शाळेच्या वेळापत्रकात नसलेले दोन विषय

कार्यानुभवाच्या तासाला आपण काय काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. पण पुढे ज्यावर अनेकांचं पोट चाललं ते टायपिंग आणि ड्रायव्हिंग वेळापत्रकात कधीच नव्हतं. 1982 मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं शासकीय प्रमाणपत्र लागे. म्हणून नव्वदच्या दशकात दहावीचा शेवटचा पेपर झाला की निलंग्यातली मुलं-मुली टायपिंगला जायची आणि फी भरताना वडील कुरकुरत नसत.

ड्रायव्हिंगचं तसं नव्हतं. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. सोळा पूर्ण झालेल्यांना 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, बाकीच्यांसाठी अठरा. म्हणजे लुना अकरावीतल्या मुलीलाही कायद्याने खुली होती! भेद कायद्याने केला नाही, घरांनी केला. मुलं काकाच्या ट्रॅक्टरवर हात बसवून लातूरच्या आरटीओत लायसन्स काढून यायची. आम्हाला विचारलं जायचं, "तुला कुठं जायचंय गाडी घेऊन?" टायपिंग बसून करायचं काम, म्हणून ते चालायचं.

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये कीबोर्डकडे न बघता टाइप करता आलं ते त्याच तासांमुळे. लायसन्स मात्र मी तिशीनंतर, पुण्यात काढलं. आपल्या वर्गातल्या किती जणींनी केव्हा काढलं, ते मेळाव्यात एकदा हात वर करून मोजू या.