टाकसाळीची चूक की मातीची करणी?

मागच्या वेळी आपण नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांबद्दल बोललो. ते संपल्यावर एक गृहस्थ खिशातून पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं काढून म्हणाले, "सर, हे चुकीचं छापलंय. याला किती येतील?" नाणं पातळ झालेलं, अक्षरं पुसट, रंग तांबूस. मी म्हटलं, काका, हे चुकीचं छापलेलं नाही, हे ॲसिडनं खाल्लेलं आहे. त्यांचा चेहरा उतरला. म्हणून आज हाच विषय घेतोय. पण खरं सांगायचं तर प्रश्न नुसत्या किमतीचा नाही, इतिहासाचा आहे.

आधी एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. टाकसाळीत ठसा दाबतो तेव्हा धातू सरकतो. मातीत, पाण्यात, ॲसिडमध्ये धातू निघून जातो. बाकी बहुतेक सगळं यातून निघतं.

ठशाला तडा गेला असेल, तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेष उमटते. कोणी खिळ्यानं ओरखडलं, तर रेष खोल जाते. म्हणजे बोट फिरवून पाहा: उठाव आहे की खाच? उठाव असेल तर टाकसाळीचा विचार करा. अर्थात गंजाचा फोडही वर येतो, पण तो खडबडीत आणि वेडावाकडा असतो. ठशातून आलेली रेष बाकीच्या पृष्ठभागासारखीच सलग दिसते.

दुसरी खूण वजनाची. १९९२ नंतरचं ते जाड पाच रुपयांचं नाणं तांबे-निकेलचं, ९ ग्रॅमचं. समजा तुमचं नाणं ६ ग्रॅम भरलं. शक्यता दोन. दुसऱ्याच चकतीवर ठसा पडला असेल, तर वजन कमी, पण जी अक्षरं उमटली ती धारदार. ॲसिडनं खाल्लं असेल, तर वजनही कमी आणि अक्षरंही बोथट, काठसुद्धा झिजलेला. वजन एकच, पण कहाणी वेगळी.

तिसरी गोष्ट, संग्राहक ज्याला 'लाखी' म्हणतात ते नाणं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, त्यावर पुढची चकती येते. मग एका बाजूला नीट छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, आत दबलेली. आता काही लोक दोन नाणी शिकंज्यात दाबून असं 'लाखी' घरीच बनवतात. पण तिथे उलटी छाप उथळ असते, मूळच्या छापेचे अवशेष खाली दिसतात. म्हणून नेहमी दोन्ही बाजू एकत्र वाचा. एका बाजूला जे घडलं, त्याचा हिशेब दुसऱ्या बाजूला लागलाच पाहिजे.

इथपर्यंत यंत्राची नाणी झाली. आता भोसल्यांच्या रुपयाकडे या. त्यावर नाव मुघल बादशहा अहमदशहाचं, तेही फारसीत. हा बादशहा १७५४ मध्येच पदच्युत झाला, तरी त्याच्या नावानं रुपये पडतच राहिले. हा रुपया हाती घेतला की अर्धी अक्षरं काठाबाहेर गेलेली दिसतात. ही चूक का? नाही! ठसा मोठा, चकती लहान, घाव हातोड्याचा. तिथे हाच रिवाज. चूक म्हणायला आधी नियम लागतो. शिवाय त्यावर बारीक टोचे दिसतात, ते सराफांनी चांदी पारखताना मारलेले. म्हणजे ना टाकसाळीची चूक, ना मातीची करणी. ती बाजाराची सही आहे.

आता मुद्द्याचं. १९३९ मध्ये तऱ्हाळ्याला, म्हणजे तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा सापडला, दीड हजारांहून अधिक नाण्यांचा. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण. एका बाजूला हत्ती, भोवती ब्राह्मी अक्षरं. त्याचा अभ्यास आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी केला. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं पुढे आली, जी पुराणांच्या वंशावळीत नाहीत. दोन राजे इतिहासात आले ते चार-दोन अक्षरांच्या जोरावर!

विचार करा. एका नाण्यावर अक्षर दिसत नाही. ते चकतीबाहेर गेलं असेल, तर त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर मिळेल; शोधत राहायचं. गंजानं खाल्लं असेल, तर त्याच्या बुडाशी अंधूक आकार उरलेला असू शकतो. आणि गंजानं जास्तीची रेघ उठवली असेल, तर आपण भलताच राजा वाचून बसू. म्हणून हा फरक कळणं महत्त्वाचं.

आणि म्हणूनच हात जोडून विनंती: शेतात नाणं सापडलं तर चिंच-लिंबानं घासू नका. हिरवा कळंक, काळी चांदी हीसुद्धा साक्ष आहे. घासल्यावर नाणं चकाकतं, पण नुकसान मातीनं केलं की तुम्ही, हेही मग सांगता येत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा साठा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. साठा एकत्र राहिला तरच तऱ्हाळ्यासारखा बोलतो. एकेक करून विकला गेला की मुका होतो.

त्या काकांना मी शेवटी विचारलं, नाणं कुठं मिळालं? म्हणाले, "जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीखाली." घ्या, म्हणजे ॲसिडचा पत्ताही लागला. नाण्याला विचारण्याआधी त्याच्या जागेला विचारा. पुढच्या वेळी ठशांबद्दल बोलू.