व्हायनिल कटरने पीसीबी निर्मिती

रेडियमची अक्षरे कापणाऱ्या यंत्राने (व्हायनिल कटरने) इलेक्ट्रॉनिक मंडलाचा बोर्ड (पीसीबी) घरी बनवण्याची पद्धत. गाड्यांवरची नावे कापण्यासाठी हे यंत्र तालुक्याच्या गावांतही वापरतात. त्यामुळे उमरग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला ही पद्धत विशेष सोयीची आहे.

संगणकावर काढलेल्या आराखड्यानुसार यंत्राचे पाते व्हायनिल कापते. नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढतात आणि उरलेल्या रेषा ट्रान्सफर टेपने तांब्याच्या बोर्डवर चिकटवतात. सुटे भाग दुसऱ्या बाजूने बसणार असतील, तर आराखडा आरशातल्यासारखा उलटा कापावा लागतो. नवशिके नेमके इथेच चुकतात. बोर्ड आधी घासून तेलकटपणा घालवावा, नाहीतर कडांखाली द्रावण शिरते. मग फेरिक क्लोराइडच्या कोमट द्रावणात उघडे तांबे विरघळते, झाकलेले टिकते. तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉनचा असतो. दुसऱ्या रीतीत चिकट तांब्याची पट्टीच थेट कापतात. त्यात रसायन लागत नाही.

फार बारीक रेषा सोलताना उखडतात. म्हणून २.५४ मिमी अंतराच्या पायांचे भाग वापरणेच शहाणपणाचे. वापरलेल्या द्रावणात विषारी तांबे असते. ते मोरीत किंवा शेतात मुळीच ओतू नये. हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकचे भांडे आवश्यक.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेला हा आश्रम ग्रामीण मुलांना हाताने काम करत शिकवतो. व्हायनिल कटर हे जगभरच्या फॅब लॅबमधील नेहमीच्या यंत्रांपैकी एक आहे.