सभाकंप आणि सभाधीटपणा : एकोणिसाव्या शतकातील एक अध्याय

लोकांसमोर बोलायला उभे राहिल्यावर घसा कोरडा पडणे, हातपाय कापणे आणि पाठ केलेले वाक्य ऐनवेळी न आठवणे या अवस्थेला मराठीत ‘सभाकंप’ म्हणतात, आणि ज्याला हा कंप आवरता येतो तो ‘सभाधीट’ ठरतो. हे दोन्ही स्वभावाचे भाग आहेत, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास पाहता सभाधीटपणा ही सरावाने येणारी आणि संस्थांच्या आधाराने वाढणारी विद्या होती, असे दिसून येते.

लोकांपुढे बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनीच होती. मात्र पुराणिकाला पोथीचा आणि कीर्तनकाराला कीर्तनाच्या ठरलेल्या बांधणीचा आधार असे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण, मध्ये नामगजर आणि उत्तररंगात आख्यान असा क्रम ठरलेला असल्याने, कीर्तनकार क्षणभर अडखळला तरी टाळ-मृदंगाची साथ आणि श्रोत्यांचा गजर त्याला सावरून घेत असे. इंग्रजी अमदानीत रूढ झालेल्या ‘सभे’त, म्हणजे अध्यक्ष, ठराव आणि वादविवाद असलेल्या मेळाव्यात, हा आधार नव्हता; तेथे वक्त्याला स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत मांडून त्यावरचे आक्षेपही ऐकून घ्यावे लागत.

या नव्या कलेच्या तालमी लवकरच सुरू झाल्या. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि अध्यापक यांनी साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठी एक सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. या सभांत आधी निबंध वाचावा आणि मग त्यावर चर्चा व्हावी अशी रीत असल्याने, नवख्या सभासदाला पहिल्या दिवशी हातातल्या कागदाचा आधार मिळे. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने वक्त्यांबरोबर श्रोतेही घडवले, कारण जाणकार आणि सहनशील श्रोतृवर्ग असल्याशिवाय नवा वक्ता तयार होत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र सभाकंपाला आणखी एक पदर होता. चारचौघांत बाईने आवाज चढवू नये हा दंडक घराघरांत पाळला जात असल्याने, बोलू पाहणाऱ्या स्त्रीला सभेतल्या श्रोत्यांइतकीच घरातल्या माणसांचीही भीती असे. पंडिता रमाबाई (जन्म १८५८) यांना या भीतीवर मात करणे तुलनेने सोपे गेले, कारण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करीत असताना लहानपणापासूनच लोकांपुढे पुराण सांगण्याचा सराव त्यांना झाला होता. १८८२ मध्ये पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. तेथे स्त्रियांना स्त्रियांपुढेच बोलण्याची संधी मिळाली, आणि पहिल्या भाषणासाठी ओळखीच्या चेहऱ्यांच्या लहानशा बैठकीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

याच समाजात पुढे आलेल्या रमाबाई रानडे (जन्म १८६२) यांची वाटचाल अधिक बोधप्रद आहे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा त्यांना लिहितावाचताही येत नव्हते. पती न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना शिकवले. नाशिकच्या वास्तव्यात हायस्कुलातील समारंभात त्यांना प्रथमच सभेपुढे बोलावे लागले, तेव्हा ते भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. पुढे पुण्यातील हिराबागेत मुंबईच्या गव्हर्नरांसमोर मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी वाचले आणि त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी सोसली. ज्या मागणीसाठी त्यांनी हे सोसले, ती शाळा, म्हणजे आजची हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाली.

आनंदीबाई जोशी यांनी तिसरा मार्ग दाखवला. त्यांचे पती गोपाळराव बंगालमधील श्रीरामपूर येथे टपाल खात्यात नोकरीस असताना, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत, हे सांगितले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हायचे होते. एकटीने का जाता, परत आल्यावर जातीबाहेर पडावे लागणार नाही का, असे जे प्रश्न लोक त्यांना विचारीत, तेच त्यांनी एकामागून एक घेतले आणि प्रत्येकाचे उत्तर दिले. अशी मांडणी केल्यावर पुढे काय बोलावे याचा घोर राहत नाही आणि विरोधकाच्या हाती नवा आक्षेपही उरत नाही.

लिहून घेतलेला मजकूर, ओळखीच्या माणसांची लहान बैठक आणि प्रश्नोत्तरांची नेटकी मांडणी या तीन आधारांवर त्या पिढीने सभाकंप जिंकला. हे तिन्ही आधार आजही नवख्या वक्त्याला तितकेच उपयोगी आहेत. नाशिकला दुसऱ्याने लिहून दिलेल्या भाषणाने सुरुवात केलेल्या रमाबाई रानडे १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या.