अर्धविस्मृत पुस्तकाचा शोध : उत्तर अमेरिकेतील बालग्रंथालयांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

ग्रंथालयांच्या इतिहासात इ. स. १८७६ हे वर्ष अनेक दृष्टींनी महत्त्वाचे मानले जाते. या एकाच वर्षी अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध झाली. चार्ल्स ॲमी कटर यांचे सूचिलेखनाचे नियम छापले गेले. आणि फिलाडेल्फिया येथे भरलेल्या परिषदेत अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली. पैकी कटर यांच्या नियमांच्या आरंभी ग्रंथसूचीची उद्दिष्टे दिलेली आहेत. त्यांतील पहिले असे की, ज्या पुस्तकाचा कर्ता, नाव किंवा विषय यांपैकी एखादी गोष्ट वाचकास माहीत आहे, ते पुस्तक त्याला शोधता यावे. पुढील शतकभराचे सूचिशास्त्र बहुतांशी या एका वाक्याच्या पायावर उभे आहे.

तथापि या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. कर्ता, नाव आणि विषय या तिहींपैकी एकही ज्याला ठाऊक नाही, अशा वाचकाची वाट या सूचीने कोठेच दाखविलेली नाही. असा वाचक विरळा नव्हे. लहानपणी वाचलेल्या वा ऐकलेल्या पुस्तकाची आठवण घेऊन ग्रंथालयात येणारा प्रौढ मनुष्य बहुधा याच अवस्थेत असतो. त्याला एखादे चित्र आठवते, एखादा भीतिदायक प्रसंग आठवतो. कर्त्याचे नाव मात्र त्याला कधी माहीतच नव्हते. अशा वाचकाला त्याचे पुस्तक मिळवून देण्याचे काम उत्तर अमेरिकेत प्रामुख्याने बालग्रंथपालांकडे आले. ते त्यांच्याकडे का आले, ते पार पाडण्यासाठी कोणती साधने निर्माण झाली आणि त्या साधनांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

फिलाडेल्फियाच्या त्याच परिषदेत मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांचा एक निबंध वाचला गेला. ग्रंथपाल व वाचक यांच्यात प्रत्यक्ष संबंध असावा, वाचकास काय हवे आहे हे त्याच्याशी बोलून समजून घ्यावे, असे त्याचे प्रतिपादन होते. सूचीने जेथे हात टेकले तेथे संभाषणाने पुढे जावे, हा विचार अशा रीतीने कटर यांच्या नियमांच्या जोडीनेच जन्मास आला. संदर्भसेवेचा उगम या निबंधात पाहण्याची प्रथा आहे.

मुलांच्या बाबतीत या विचारास विशेष धार आली. हार्टफर्ड येथील कॅरोलाइन ह्यूइन्स यांनी १८८२ मध्ये मुलांसाठी निवडक पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये १८९६ साली ॲन कॅरोल मूर यांच्याकडे मुलांच्या दालनाची व्यवस्था सोपविण्यात आली. पुढे १९०६ मध्ये त्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात गेल्या आणि १९११ साली तेथील नव्या मध्यवर्ती इमारतीत मुलांचे दालन उघडले. टोरांटो येथे १९१२ साली लिलियन स्मिथ रुजू झाल्या. त्यांचे शिक्षण पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात झाले होते आणि मूर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. तेथे १९२२ मध्ये केवळ मुलांसाठी ‘बॉइज अँड गर्ल्स हाउस’ हे स्वतंत्र ग्रंथालय सुरू झाले.

या सर्व ठिकाणी गोष्ट सांगण्याचा तास हा दैनंदिन कामाचा भाग होता. त्याचा परिणाम असा झाला की, बालग्रंथपालास पुस्तके केवळ पाठीवरील अक्षरांवरून नव्हे तर आतून, कथानकांनिशी ठाऊक असत. कोणत्या गोष्टीत कोल्हा फसतो आणि कोणत्या गोष्टीत तो फसवितो, हे तिच्या जिभेवर असे. अन्य विभागांतील ग्रंथपालांना असे ज्ञान असण्याचे कारण नव्हते. सूचीत नसलेली माहिती ज्या एका ठिकाणी साठलेली होती ते ठिकाण म्हणजे बालग्रंथपालाची स्मृती होय. म्हणूनच वाचकाच्या अर्धवट स्मृतीस उत्तर देण्याचे काम तिच्याकडे आले. ह्यूइन्स यांनी तर १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मिड-सेंच्युरी चाइल्ड अँड हर बुक्स’ या ग्रंथात स्वतःच्या बालपणीच्या पुस्तकांचाच वृत्तान्त लिहून ठेवला आहे.

३

वाचक जे सांगतो त्याचे स्वरूप काय असते? केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये ‘रिमेंबरिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांस देऊन, काही काळाने ती त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेण्याचा प्रयोग त्यात वर्णिला आहे. वाचकांनी अपरिचित तपशील गाळले किंवा परिचित करून घेतले. मूळ कथेतील डोंग्याची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. स्मरण म्हणजे साठविलेली वस्तू बाहेर काढणे नसून ती नव्याने रचणे होय, असा बार्टलेट यांचा निष्कर्ष होता. भाषेच्या अंगाने याला पूरक असा प्रयोग जॅकलीन सॅक्स यांनी १९६७ साली प्रसिद्ध केला. एखादे वाक्य ऐकल्यानंतर सुमारे ऐंशी अक्षरांइतका मजकूर मध्ये गेला, की वाक्याच्या रचनेत केलेला बदल श्रोत्यांच्या लक्षात येईनासा होतो. अर्थातील बदल मात्र लक्षात येतो.

या दोन्ही निष्कर्षांचा ग्रंथशोधाशी निकटचा संबंध आहे. ग्रंथनाम हे शब्दरूपाने नेमके लक्षात ठेवावे लागते. त्यातील शब्दांऐवजी समानार्थी शब्द घातले की सूचीत ते सापडत नाही. कथानकाचे तसे नाही. ते अर्थरूपाने टिकते. म्हणजे सूचीला नेमके तेच लागते जे स्मृती प्रथम टाकून देते, आणि स्मृती जे जपते त्याला सूचीत स्थान नसते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर सूची विशेषनामावर चालते आणि वाचक वर्णन घेऊन येतो. ‘असे एक पुस्तक होते, की ज्यात’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्याचे विशेषनामात रूपांतर करणे, हेच या शोधाचे खरे कार्य होय.

रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाचकाच्या प्रश्नाच्या चार अवस्था कल्पिल्या आहेत : अव्यक्त गरज, मनात उमटलेली अस्पष्ट जाणीव, सुस्पष्ट मांडणी, आणि ग्रंथालयाकडून काय मिळू शकेल याचा अंदाज घेऊन मुरड घातलेला प्रश्न. अर्धविस्मृत पुस्तकाच्या बाबतीत ही चौथी अवस्था विशेष घातक ठरते. ‘घोड्यांवरची जुनी पुस्तके कोठे आहेत?’ असे विचारणाऱ्या वाचकास प्रत्यक्षात एकच पुस्तक हवे असते, आणि त्यात घोडा कदाचित एकाच चित्रात असतो. यास्तव जाणता ग्रंथपाल प्रथम पुस्तकाविषयी न विचारता वाचनाविषयी विचारतो. ते पुस्तक केव्हा वाचले, त्या वेळी वय काय होते, स्वतः वाचले की कोणी वाचून दाखविले, शाळेत की घरी, पुस्तक तेव्हाच जुने दिसत होते काय? या उत्तरांवरून प्रकाशनकाळाची निदान पुढची मर्यादा ठरते. कारण ज्या वर्षी पुस्तक वाचले त्या वर्षानंतर ते प्रथम छापलेले असणे शक्य नाही.

पुराव्याची छाननी करताना सर्व तपशिलांस सारखे महत्त्व देऊन चालत नाही. पात्रांची नावे बहुधा अविश्वसनीय ठरतात. मुखपृष्ठाचा रंगही फसवा असतो. कारण फार हाताळल्या जाणाऱ्या मुलांच्या पुस्तकांना ग्रंथालये जाड कापडाची नवी बांधणी करीत, आणि वाचकास आठवणारा रंग प्रकाशकाच्या आवृत्तीचा नसून त्या बांधणीचा असू शकतो. उलट, विचित्र व अकारण वाटणारा एखादा तपशील अधिक मोलाचा ठरतो. सर्वसाधारण साच्यात न बसणारी गोष्ट जर इतकी वर्षे टिकून राहिली असेल, तर ती कल्पनेने भरलेली नसून मूळ पुस्तकातील असण्याचा संभव अधिक असतो.

४

ग्रंथपालाची स्मृती हे साधन कितीही समर्थ असले तरी ते व्यक्तीबरोबर येते आणि व्यक्तीबरोबर जाते. ते कागदावर उतरविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिसतात. एच. डब्ल्यू. विल्सन कंपनीचा ‘चिल्ड्रन्स कॅटलॉग’ १९०९ साली निघाला. मेरी ह्यूज ईस्टमन यांची परीकथा, पुराणकथा व दंतकथा यांची सूची १९१५ साली प्रसिद्ध झाली. एकच कथा निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळ्या नावांनी येते, ही अडचण ओळखून ईस्टमन यांनी पर्यायी नावांच्या परस्पर नोंदी दिल्या. तथापि या सूचीत शिरण्यासाठीही कथेचे कोणते तरी नाव हाती असावे लागे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी याच सुमारास दुसरी वाट धरली होती. आन्टी आर्ने यांची कथाप्रकारांची सूची १९१० मध्ये आली, आणि स्टिथ थॉम्पसन यांची कल्पनाबंधसूची १९३२ ते १९३६ या काळात. कथेचे नाव न विचारता तिच्यात काय घडते ते विचारणारी ही साधने होती. परंतु ती लोकपरंपरेतील कथांपुरती होती, छापील बालवाङ्मयास त्यांचा लाभ मिळाला नाही.

या दृष्टीने काँग्रेस ग्रंथालयाने १९६५ मध्ये सुरू केलेल्या सटीप सूचिपत्रांच्या योजनेचे महत्त्व मोठे आहे. मुलांच्या पुस्तकाच्या सूचिपत्रावर कथानकाचा एकदोन वाक्यांत सारांश आणि ललित वाङ्मयासही विषयशीर्षके देण्याची पद्धत या योजनेने रूढ केली. प्रौढांच्या कादंबऱ्यांना विषयशीर्षक देण्याचा प्रघात त्या काळी जवळजवळ नव्हता. सूचिपत्रे पुढे यंत्रवाच्य झाली तेव्हा हे सारांशही शब्दवार शोधता येऊ लागले, आणि ‘असे एक पुस्तक होते’ या वर्णनास प्रथमच सूचीत प्रवेश मिळाला. कॅरोलिन लिमा यांची चित्रपुस्तकांची विषयसूची ‘ए टू झू’ १९८२ मध्ये आली. तीही याच परंपरेतील होय.

५

साधने वाढली तरी एक अडचण त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. पुस्तकाचे नाव सापडले तरी पुस्तक सापडेलच असे नाही. मुलांना जे पुस्तक सर्वांत आवडते ते सर्वांत आधी फाटते. फाटलेले पुस्तक काढून टाकणे हे चांगल्या बालग्रंथालयाचे कर्तव्यच असते. किंबहुना ज्या ग्रंथालयाने मुलांची सेवा उत्तम केली त्याच्या कपाटांत त्या सेवेचा पुरावा सर्वांत कमी उरला, असा हा विरोधाभास आहे.

निवडीच्या कडक कसोट्यांनीही पुरावा कमी केला. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने मार्गारेट वाइज ब्राउन यांचे १९४७ सालचे ‘गुडनाइट मून’ हे पुस्तक १९७२ पर्यंत घेतले नाही. मूर १९४१ मध्येच निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांच्या नापसंतीचा प्रभाव त्यामागे होता. स्ट्रेटमेयर संस्थेने टोपणनावांनी काढलेल्या मालिकांना अनेक ग्रंथपालांनी दाराबाहेर ठेवले होते. त्यांपैकी १९३० मध्ये सुरू झालेल्या नॅन्सी ड्रू मालिकेचे पुनर्लेखन १९५९ पासून होऊ लागले. पंचवीस प्रकरणांची पुस्तके वीस प्रकरणांची झाली, काहींची कथानकेही बदलली, नावे मात्र तीच राहिली. अशा वेळी वाचकाच्या हाती योग्य नावाचे पुस्तक दिले तरी ‘हे ते नव्हे’ असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. स्मृती चुकते हे गृहीत धरून चालणाऱ्या ग्रंथपालास येथे छापील प्रतच चुकीची साक्ष देत असल्याचे आढळते.

या अडचणीस उत्तर मिळाले ते टोरांटोत. इंग्लंडमधील डर्बीशायरचे ग्रंथपाल एडगर ऑस्बोर्न आणि त्यांच्या पत्नी मेबल यांनी १९३४ मध्ये ‘बॉइज अँड गर्ल्स हाउस’ला भेट दिली होती. स्मिथ यांच्या कार्याने प्रभावित झालेल्या ऑस्बोर्न यांनी १९४९ मध्ये, पत्नीच्या स्मरणार्थ, जुन्या बालपुस्तकांचा सुमारे दोन हजार ग्रंथांचा आपला संग्रह टोरांटो सार्वजनिक ग्रंथालयास दिला. जूडिथ सेंट जॉन यांनी सिद्ध केलेली त्याची सूची १९५८ मध्ये निघाली; तिच्यात १५६६ ते १९१० या काळातील पुस्तकांच्या नोंदी आहेत. फ्लोरिडा विद्यापीठात १९७७ मध्ये आलेला रूथ बाल्डविन यांचा संग्रह याच जातीचा. मुलांनी पानांवर गिरमिटलेल्या, नावे घातलेल्या प्रतींचे बाल्डविन यांना वावडे नव्हते. त्या खुणाच वाचनाचा पुरावा होत.

६

मराठीभाषकांशी या परंपरेचा संबंध बडोद्याच्या द्वारे आला. सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिल्यानंतर १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेत मुलांच्या विभागास स्थान होते. पुढे शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद करून ठेवली. नाव वा कर्ता माहीत असलेल्या वाचकास या सूचीसारखा आधार नाही. परंतु कथानकाच्या खुणेने मागे जाणाऱ्या वाचकास तिच्यातून वाट काढता येणे कठीण. आणि १८७३ मध्ये निघालेल्या ‘बालबोधमेवा’ किंवा वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या ‘आनंद’ यांसारख्या मासिकांतील गोष्टी तर ग्रंथसूचीच्या कक्षेबाहेरच्या.

उत्तर अमेरिकेतील या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रंथसूची पुस्तकाच्या अस्तित्वाची नोंद करते. ते कोणी वाचले आणि वाचणाऱ्याजवळ त्यातले काय उरले याची नोंद तिच्यात नसते. अर्धविस्मृत पुस्तक विचारीत येणारा वाचक नेमकी ही दुसरी नोंद आपल्याबरोबर घेऊन येतो. त्याला पुस्तक मिळाले म्हणजे त्याचे काम संपते. परंतु वाचनाच्या इतिहासाच्या अभ्यासकाचे काम तेथून सुरू होते. त्याने काय विचारले, कोणत्या खुणेवरून पुस्तक सापडले, आणि आठवणीत व छापील मजकुरात अंतर किती पडले, हे ग्रंथपालाने टिपून ठेवले तर एका पिढीच्या बालपणाविषयी दुसऱ्या कोणत्याही साधनाने न मिळणारी माहिती हाती येईल. ती सांगू शकणारी पिढी आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.