तंजावरच्या परसातील पांढरी फुले

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ शिलालेख आठवतो. पण राज्ये करणारी माणसे घरेही बांधतात, आणि घर म्हटले की मागे परस आला, विहीर आली, विहिरीच्या सांडपाण्यावर वाढणारी चार फुलझाडे आली. एकोजीराजांनी 1676 च्या सुमारास ही गादी घेतली आणि 1855 मध्ये राजे शिवाजी निवर्तल्यावर ती खालसा झाली. या पावणेदोनशे वर्षांत सह्याद्रीपलीकडून आलेल्या कुटुंबांना कावेरीकाठी देव्हाऱ्यासाठी आणि वेणीसाठी कोणती फुले लावावीत, हा प्रश्न पडलाच असणार. त्याचे उत्तर फुलांच्या नावांत आणि तिथल्या मातीत आजही सापडते.

नावांचा प्रकार मोठा मौजेचा आहे. आपला मोगरा म्हणजे तमिळांची मल्लिगै. संस्कृतातली मल्लिकाच ती. आपली जाई ही त्यांची जातिमल्ली. दोघींचे मूळ संस्कृत ‘जाती’त आहे. जुईचे मात्र तसे नाही. यूथिकेपासून आलेली ही नाजूक वेल तमिळ देशात मुल्लै या अस्सल देशी नावाने नांदते आणि तिचा मान केवढा! प्राचीन संघम् काव्यात रानमाळाच्या एका संपूर्ण प्रदेशाला मुल्लै हे नाव दिलेले आहे. पती परत येण्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे ते फूल. कारण ते सांजवेळी उमलते. आधारावाचून लोळणाऱ्या मुल्लैच्या वेलीला पारी नावाच्या राजाने आपला रथच देऊन टाकला, अशी कथा आहे. जुई लावणाऱ्याने मांडवाची सोय आधी करावी, ही गोष्ट इतक्या थाटात दुसऱ्या कुणी सांगितलेली नसेल.

फुले ओळखीची असली तरी ऋतू ओळखीचे नव्हते. ज्येष्ठ-आषाढात देशावर पावसाची झड लागते तेव्हा तंजावरात उन्हे तापत असतात; खरा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. म्हणून तमिळनाडूत मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरअखेर, जाईची डिसेंबरच्या मध्यानंतर आणि जुईची जानेवारीअखेर करतात. छाटल्यावाचून मोगरा पानांनी माजतो, कळ्या धरीत नाही. मातीचेही तसेच. शहर वसले आहे ते भाताच्या काळ्या चिकण खोऱ्याच्या कडेला. नैर्ऋत्येस वल्लमकडे गेले की तांबडी, निचऱ्याची जमीन लागते. चिकण मातीत पाणी तुंबले की या वेलींची मुळे कुजतात. तेव्हा ज्याचे परस खोलगट आहे त्याने वाळू व तांबडी माती घालून उंच वाफा करावा, नाहीतर तगर लावून स्वस्थ बसावे. तगरीला तिकडे नंदियावट्टै म्हणतात. तिचा सुगंध बेताचा, पण पूजेचे ताट वर्षभर भरते.

काही पांढरी फुले समुद्रावरून आली. निशिगंध मेक्सिकोचा, पांढरा चाफा अमेरिकेचा, अनंत चीनकडचा. तमिळांनी निशिगंधाला ‘निलसंपंगी’ म्हणजे भुईचाफा म्हणून घरात घेतले. तंजावरचा किनारा अशा पाहुण्यांना उघडाच होता. नागपट्टणला आधी पोर्तुगीज, मग डच. तरंगमपाडीला 1620 पासून डेन लोक. लिनियसचा शिष्य कोनिग 1768 मध्ये त्याच तरंगमपाडीला उतरला आणि पाद्री मंडळींना वनस्पती गोळा करण्याचा नाद लागला. अशाच एका पाद्र्याच्या, श्वार्ट्झच्या, देखरेखीखाली वाढलेले सरफोजी राजे 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती उरलेल्या वेळाचे त्यांनी जे केले ते कित्येक सत्ताधाऱ्यांना साधलेले नाही: ग्रंथ जमविले, छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चालविला आणि वनस्पतींची रंगीत चित्रे काढवून घेतली. झाडाकडे देवाचे फूल म्हणून पाहणारी दृष्टी आणि पान, मूळ, फळ निरखून पाहणारी दृष्टी या राजाच्या ठायी सुखाने एकत्र नांदत होत्या.

रात्रीच्या फुलांचा रंग पांढरा का, याचे उत्तर पतंगांपाशी आहे. अंधारात फिरणाऱ्या या कीटकांना फिकटपणा दिसतो आणि वास दुरून ओढतो. परसात बसणाऱ्यालाही त्याचाच लाभ. पारिजातक तर पहाटेपर्यंत सारे देऊन मोकळा होतो. झाडाखाली पडलेले फूल देवाला चालते ते याचेच, म्हणून त्याच्या बुंध्याभोवतीची जमीन सारवून ठेवतात. मोगऱ्याच्या कळ्या मात्र उन्हे चढण्यापूर्वी खुडाव्या लागतात, म्हणजे सांजेला वेणीत उमलतात. तमिळ देशात त्या केळीच्या सोपटाच्या धाग्यात गुंफतात आणि ‘मुळम्’ या मापाने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून, विकतात. हात अर्थातच विकणारीचा.