परळचे मैदान, शाहिराचा डफ आणि गिरणगावचा श्रोता

१/ ऑगस्ट १९६९. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका शेतावर वुडस्टॉकचा संगीत महोत्सव भरला आणि चार लाखांहून अधिक माणसे उघड्यावर गाणी ऐकत बसली. खुल्या मैदानातील श्रोत्यांचा इतिहास बहुधा इथूनच सांगितला जातो. पण त्याच्या चार आठवडे आधी, १८ जुलैला, अण्णा भाऊ साठे गेले होते आणि महोत्सव संपल्यावर अकरा दिवसांनी, २९ ऑगस्टला, शाहीर अमर शेख अपघातात गेले.

२/ म्हणजे जगाला मैदानी मैफलीचे नवल वाटत होते, तेव्हा मुंबईच्या गिरणगावात तशा मैफलींचे एक युग मावळत होते. परळच्या कामगार मैदानासारख्या जागी जमणारा हा श्रोता कसा ऐकत असे, हा या धाग्याचा विषय.

३/ आधी जागा पाहू. परळमध्येच सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह होते. (ना. म. जोशी यांनी ही संस्था १९११ मध्ये स्थापन केली.) तिथे तिकीट, खुर्ची, पडदा आणि आवडत्या पदाला ‘वन्समोअर’. मैदानात यातले काहीच नाही. जमिनीवर बसायचे, मागे उभे राहायचे, कंटाळा आला की उठून जायचे. श्रोत्याला धरून ठेवणारे एकच साधन होते : गाणे.

४/ हा श्रोता कोरी पाटी नव्हता. कोकणातून आलेला कामगार नमन-खेळे, दशावतार आणि भजन घेऊन आला. घाटावरचा तमाशा आणि पोवाडा घेऊन आला. सत्यशोधकी जलसे, पुढे आंबेडकरी जलसे आणि गणेशोत्सवातील मेळे यांनी त्याला आणखी एक सवय लावली : मनोरंजनातून विचार ऐकण्याची.

५/ मैदानही कोरे नव्हते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्या संध्याकाळी कामगार मैदानावरील सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कॉम्रेड डांगे एकाच व्यासपीठावरून बोलले. गाणे ऐकायचे मैदान आणि संपाची हाक ऐकायचे मैदान एकच होते. त्यामुळे टाळीलाही इथे दोन अर्थ होते : दाद आणि संमती.

६/ १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण आतला ऐवज बदलला : सावकार, शेटजी, निवडणूक, उपासमार. सोंगाड्याचा विनोद राहिला. टोला मात्र नव्या ठिकाणी बसू लागला.

७/ आता थोडे ध्वनिशास्त्र. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला डफाची थाप सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या उशिराने ऐकू येते आणि त्याची टाळी मंचापर्यंत परतायला तेवढाच वेळ लागतो. म्हणून द्रुत लयीत सारे मैदान एकत्र टाळी धरू शकत नाही.

८/ पोवाड्याच्या रचनेत याचे उत्तर आधीच होते. कडवे संपते, झीलकरी ‘जी जी’ची झील धरतात, शाहिराला दम घ्यायला उसंत मिळते. त्याच उसंतीत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचतो आणि दाद परत येते. अमर शेखांच्या पहाडी आवाजाचे कौतुक सारेच करतात. पण मैदान जिंकायला आवाजाइतकीच ही उसंतही लागते.

९/ सत्तेला मात्र हा श्रोता केवळ श्रोता वाटला नाही. नाट्यप्रयोग रोखण्याचा अधिकार इंग्रजांनी १८७६ च्या कायद्यानेच घेतला होता. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना तमाशावर निर्बंध आले आणि कलापथकावरही बंदी आली. अण्णा भाऊंनी त्याच कलाप्रकाराला ‘लोकनाट्य’ म्हटले आणि प्रयोग चालू राहिले. नाव बदलले, समोर बसणारी माणसे तीच होती.

१०/ या श्रोत्याची ताकद कळते ती ‘माझी मैना गावावर राहिली’ या अण्णा भाऊंच्या छक्कडीत. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा आणि गावी राहिलेली बायको, ही तर समोर बसलेल्या कित्येकांची घरची गोष्ट. पण गाणे पुढे वळते आणि तीच ताटातूट महाराष्ट्राबाहेर राहू पाहणाऱ्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची होते.

११/ हे वळण समजावून सांगावे लागत नाही, कारण विरह श्रोत्याने स्वतः भोगलेला असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात भाषणांइतकीच शाहिरीही लागली, ती यामुळे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. गाण्यातली ती गावे बाहेरच राहिली. काहींसाठी ते गाणे आजही संपलेले नाही.

१२/ १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यावर मैदानातले ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद होऊ लागले, काही ठरावीक दिवसांचा अपवाद सोडून.

१३/ शाहिरांची गाणी छापली गेली, काही ध्वनिमुद्रितही झाली. श्रोत्याचे मात्र दप्तर नसते. तो कुठे हसला, कुठे गप्प झाला, कोणत्या ओळीला उठून उभा राहिला, हे फक्त आठवणीत राहते, आणि त्या आठवणी असलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

१४/ तुमच्या घरात किंवा चाळीत असे कोणी आजोबा-आजी असतील, तर त्यांना शाहिरांविषयी विचाराच. पण आधी हे विचारा : ‘तुम्ही कुठे बसला होता? शेजारी कोण होते? गाणे संपल्यावर काय केलेत?’ उत्तर ध्वनिमुद्रित करा आणि तारीख घालून जपून ठेवा. गिरणगावच्या श्रोत्याचे दप्तर कोणी उघडायचे असेल, तर ते आपणच.