दोन स्पार्क प्लग आणि बारा वर्षं

ईसा टाउनमध्ये इंडियन स्कूल सुटायच्या वेळी ट्रॅफिकमध्ये अडकलायत कधी? पुढच्या वेळी डॅशबोर्डकडे बघा. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला तो पिवळा दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा. वाळूवर चाक जागच्या जागी फिरायला लागलं, की ही यंत्रणा चाकाकडे जाणारा जोर कमी करते. अशा यंत्रणांमागे पेटंटं असतात, आणि पेटंटं आली की भांडणं आलीच. त्यातलं एक तर आपल्या पुण्याच्या कंपनीचं, आणि तेही बाइकच्या इंजिनावरून.

२००३ मध्ये बजाज ऑटोने पल्सरमध्ये ‘डीटीएस-आय’ इंजिन आणलं: एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. दोन ठिकाणी ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं, मायलेज सुधारतं. जुलै २००२ मधल्या अर्जावर २००५ मध्ये पेटंट मिळालं. २००७ मध्ये चेन्नईच्या टीव्हीएसने दोन प्लगवाली १२५ सीसीची ‘फ्लेम’ जाहीर केली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं.

टीव्हीएसचं म्हणणं होतं, दोन प्लगची कल्पना जुनीच, होंडाचं पेटंट आधीपासून आहे. शिवाय आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत. बजाजचं उत्तर: लहान इंजिनात, कमी पेट्रोलच्या मिश्रणावर हे जमवणं हाच आमचा शोध.

फेब्रुवारी २००८ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम निघाला. मग फ्लेम एकाच प्लगवर बाजारात आली. मे २००९ मध्ये खंडपीठाने मनाई उठवली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, पण हिशेब ठेवायला सांगितलं. असे खटले रोज चालवून साधारण चार महिन्यांत निकाली काढा, असंही बजावलं.

चार महिने? तडजोड झाली २०१९ मध्ये, अंतिम निकालाआधीच. पेटंटच्या २० वर्षांपैकी तोवर १७ उलटली होती.

म्हणजे दुसरा प्लग हा खरंच नवा शोध होता का, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. शोरूममध्ये कोणती बाइक उभी राहणार, हे ठरवलं ते एका तात्पुरत्या हुकमाने. म्हणून पुढच्या वेळी पेटंटच्या भांडणाची बातमी वाचाल, तेव्हा ‘बरोबर कोण?’ याच्या आधी एवढं विचारा: निकाल लागेपर्यंत विकायची परवानगी कुणाला आहे?